युक्त वेग

नीतिशास्त्राच्या पुस्तकांतून सत् आणि असत् यांच्या झगड्यासंबंधीं पुष्कळ विवेचन आढळतें. परंतु व्यवहारांत माणसाला खरी अडचण पडते ती चांगलें आणि वाईट यांतून निवड करतांना नव्हे, तर दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड येऊं लागल्या म्हणजे. वाईटाचा त्याग करण्यास मनोबल लागतें; पण दोन चांगल्यांपैकीं कोणतें किती घ्यावें हें ठरविण्यास नुसतें मनोबल पुरत नाहीं, तेथें विवेक लागतो. वेळ वाचविणें हा एक गुण आहे. द्रव्य वाचविणें हाहि गुणच आहे. गेलेला क्षण परत येत नाहीं असें आपले वडील आपणांस सांगत आले, आणि थेंबें थेंबें तळें साचतें हेंहि त्यांनींच सांगितलें. दोन्ही उपदेश खरे आहेत. पण जो लवकर पोंचण्यासाठीं खर्च करतो व जो खर्च वांचावा म्हणून उशीर पत्करतो, ते दोघे एकाच वडिलांचे आज्ञाधारक पुत्र असूनहि एकमेकांना वेड्यांत काढतात. यांत शहाणा कोण, आणि तें ठरवावयाचें तरी कोणत्या मापानें, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

असा प्रश्न नुसत्या शब्दांवर खेळवीत ठेवला तर त्याचा निकाल कधींच लागत नाहीं. म्हणून आम्हीं येथें मुद्दाम असें एक उदाहरण घेतलें आहे कीं, ज्यांत या दोन गुणांचा झगडा आंकड्यांनीं मांडतां येतो: हौशी माणसानें स्वतःच्या हातांनीं घरीं बांधलेलें लहान विमान. आपल्याकडे ही कल्पना नवलाची वाटेल. परंतु अमेरिकेंत हा एक रुळलेला छंद आहे. १९५३ सालीं विस्कॉन्सिनमध्यें ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था निघाली, आणि १९७० पासून तिचा वार्षिक मेळा ऑशकॉश या गांवीं भरूं लागला. तेथील कायद्याची मुख्य अट अशी कीं, विमानाचें निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनीं केवळ स्वतःच्या शिक्षणासाठीं वा करमणुकीसाठीं केलेलें असावें. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनीं ऑरेगनमध्यें काढलेल्या एका कारखान्याचे सुटे भाग घेऊन लोकांनीं घरोघर बांधलेलीं दहा हजारांहून अधिक विमानें आजवर उडालीं आहेत. आपल्या मराठी मुलखांतहि हें वेड अगदींच अपरिचित नाहीं. अमोल यादव या वैमानिकानें कांदिवलीच्या चारकोप भागांत राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. फेब्रुवारी २०१६ मध्यें तें मुंबईच्या प्रदर्शनांत लोकांस पाहावयास मिळालें, आणि २०१७ सालीं सरकारदफ्तरीं त्याची नोंद झाली.

आमच्या कामापुरता या माणसाचा विशेष एवढाच कीं, तो स्वतंत्र आहे. टपाल वेळेवर पोंचविण्याचें बंधन त्याला नाहीं, धन्याचा हुकूम नाहीं, तिकीट काढून बसलेल्या उतारूंची कुरकुर नाहीं. कोणत्या वेगानें जावयाचें हें तो केवळ स्वतःच्या बुद्धीनें ठरवितो; आणि विमानहि त्यानेंच घडविलेलें असल्यामुळें, त्याचें एंजिन केवढें असावें, पंख केवढे असावेत, हेंहि त्याच्याच हातीं असतें. निवडीचें इतकें निर्भेळ उदाहरण आमच्या तरी पाहण्यांत दुसरें नाहीं.

आतां हवेचा न्याय पाहूं. पुढें जाणाऱ्या विमानाला हवा दोन प्रकारांनीं अडविते. पहिला अडथळा उघड आहे: विमानाचें अंग, चाकें, सांधे, फटी हें सारें हवेवर घासतें. हा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला कीं तो चौपट होतो. दुसरा अडथळा सूक्ष्म आहे. विमानास अधांतरीं राहावयाचें असेल तर पंखांनीं हवा सतत खालीं लोटावी लागते, आणि या लोटण्याची किंमत भरावी लागते. ही किंमत मात्र मंद गतीला जबर असते व वेग वाढेल तसतशी उतरत जाते. एक अडथळा चढता व दुसरा उतरता. जेथें दोघे समसमान होतात तेथें त्यांची बेरीज सर्वांत कमी, आणि मैलामागें जळणारें पेट्रोलहि जवळजवळ तेथेंच सर्वांत कमी. या वेगास आपण ‘काटकसरीचा वेग’ म्हणूं. त्याहून सावकाश गेल्यास पेट्रोल वांचत नाहीं, उलट अधिक जळतें. म्हणजे निसर्गानें उधळेपणाला जशी वरची मर्यादा घातली आहे, तशीच कृपणपणालाहि एक खालची मर्यादा घालून ठेवली आहे; तिच्याखालीं कृपण मनुष्य आपल्याच कृपणपणानें लुटला जातो.

काटकसरीच्या वेगाहून वर चढूं लागलें म्हणजे हिशेब असा होतो. दीडपट वेग घेतला तर मैलामागें पेट्रोल सुमारें पस्तीस टक्के जास्त लागतें. दुप्पट वेग घेतला तर मैलामागचा खर्च दुपटीहून अधिक, आणि तासामागचा खर्च तर सव्वाचार पट होतो. आरंभींची वाढ स्वस्त, पुढची महाग, आणि शेवटची अतिशय महाग. ही गोष्ट केवळ विमानांची नव्हे. थिओडोर फॉन कार्मान व ज्युसेप्पे गाब्रिएल्ली या दोन शास्त्रज्ञांनीं १९५० सालीं जहाजें, आगगाड्या, मोटारी, विमानें या सर्वांचा एकत्र ताळा घेऊन वेगासाठीं किती शक्ति मोजावी लागते याचा एक प्रसिद्ध आलेख काढला. त्यांतहि हेंच दिसतें कीं, प्रत्येक वाहनाचा एक प्रांत आहे, आणि त्याच्या सीमेबाहेर जाऊं पाहणाऱ्यास निसर्ग मोठा दंड करतो.

मग मध्यम मार्ग कोणता? अमेरिकेच्या अ‍ॅनापोलिस येथील आरमारी विद्यालयांतील प्राध्यापक बी. एच. कार्सन यांनीं १९८० नंतरच्या दोनतीन वर्षांत याचें एक सुबक उत्तर दिलें. त्यांनीं असें दाखविलें कीं, लहान विमानाला जमिनीवरून उठण्यासाठीं व वर चढण्यासाठीं मोठें एंजिन लागतेंच. तें एंजिन आडव्या प्रवासांत काटकसरीच्या वेगाला पुरून उरतें. आणि ही उरलेली शक्ति वैमानिक कांहीं ना कांहीं प्रमाणांत वेगावर खर्च करणारच. मग ती अशा रीतीनें कां खर्च करूं नये कीं, खर्चाच्या मानानें वेगाचा लाभ सर्वांत जास्त पदरीं पडेल? गणित केलें असतां हा वेग काटकसरीच्या वेगाच्या सुमारें १.३२ पट निघतो. तेथें वेग बत्तीस टक्के वाढलेला असतो व मैलामागचें पेट्रोल फक्त साडेपंधरा टक्के. या बिंदूच्या अलीकडे वेगांतील एक टक्का हा पेट्रोलांतील एक टक्क्याहून कमी किंमतीस मिळतो. पलीकडे त्याला एक टक्क्याहून अधिक मोजावें लागतें. वैमानिक याला कार्सनचा वेग म्हणतात.

हें उत्तर वाचून वाचकांस वाटेल कीं, झालें, नीतिशास्त्रज्ञांचें काम गणितज्ञानें संपविलें. पण जरा थांबून पाहिलें पाहिजे. कार्सनच्या सूत्रांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: वेगांतला एक टक्का आणि पेट्रोलांतला एक टक्का यांची योग्यता सारखी. असें मानण्यास निसर्गाचा कोणताहि नियम आपणांस भाग पाडीत नाहीं. तें माप माणसानें बाहेरून आणून तराजूंत घातलेलें आहे. मोठ्या विमान-कंपन्या हें स्पष्टपणें कबूल करतात. त्यांच्या विमानांच्या गणकयंत्रांत ‘कॉस्ट इंडेक्स’ नांवाचा एक आंकडा भरतात. तो म्हणजे वेळेची किंमत भागिले इंधनाची किंमत. आंकडा शून्य ठेवला कीं विमान मैलामागें कमीत कमी इंधन जाळणारा वेग धरतें. आंकडा वाढविला कीं वेग वाढतो. कंपनीला हा आंकडा ठाऊक असतो. कारण नोकरांचा पगार, दुरुस्तीचे तास व उशिराबद्दलची भरपाई यांवरून तिच्या तासाची किंमत हिशेबवहींत लिहिलेलीच असते. यंत्र वेग काढून देतें खरें. पण तासाचें मोल काय हें यंत्राला आपणच सांगावें लागतें.

घरीं विमान बांधणाऱ्या आपल्या हौशी माणसाच्या तासाचें मोल काय? येथें प्रश्न खरोखर नीतीच्या प्रांतांत शिरतो. समजा, त्याला तीनशे मैल जावयाचें आहे व त्याचें विमान ताशीं १५० मैल जातें. प्रवासास दोन तास लागतील. त्यानें वेग दहा टक्क्यांनीं वाढवून ताशीं १६५ मैल केला, तर मैलामागें पेट्रोल सुमारें एकवीस टक्के अधिक जळेल, आणि त्याचीं वांचणारीं मिनिटें किती? अकरा! वेग जसजसा वाढतो तसतसें मिनिटांचें हें पीक आणखी रोडावतें. ताशीं १०० वरून १२० वर गेल्यास तीनशे मैलांत अर्धा तास वांचतो. १६० वरून १८० वर गेल्यास वाढ तितकीच, पण वांचतात साडेबारा मिनिटें. दीडशे अश्वशक्तीच्या जागीं एकशें ऐंशी अश्वशक्तीचें एंजिन बसविलें तर शक्ति वीस टक्के वाढते, पण वेग जेमतेम सहा टक्के. एका बाजूनें खर्च घनाच्या उड्या घेत चढतो आणि दुसऱ्या बाजूनें लाभ झिजत जातो. तरी माणसाच्या मनाला मात्र मोठाच आंकडा सुख देतो. या सुखाला वेळेची बचत म्हणणें ही आत्मवंचना आहे; तें बहुधा मोठेपणाचें सुख असतें.

आणखी एक विसंगति पाहण्यासारखी आहे. असें एक विमान बांधण्यास हौशी माणसाला दीड-दोन हजार तास सहज लागतात. संध्याकाळा, सुटीचे दिवस, कित्येकदां आयुष्याचीं पांचदहा वर्षें तो त्यांत घालवितो. ज्यानें विमान बांधण्यासाठीं दोन हजार तास आनंदानें खर्चिले, त्यानें त्यांत बसल्यावर अकरा मिनिटांसाठीं जिवाचा आटापिटा करावा हें पाहून हसूं आल्याशिवाय राहत नाहीं. तो आकाशांत जातो तो आकाशांत असण्यासाठीं. आणि तेथें गेल्यावर तेथून लवकरांत लवकर सुटका कशी होईल याची तजवीज करतो! साधन आणि साध्य यांची अदलाबदल म्हणतात ती हीच. पण हें हसूं आपण फार वेळ विमानवाल्यावर खर्च करूं नये. ज्या कुटुंबाच्या सुखासाठीं आपण पैसा मिळवितों, त्याच कुटुंबाशीं दोन शब्द बोलण्यास जेव्हां आपणांस सवड उरत नाहीं, तेव्हां आपलें विमानहि याच हिशेबानें चाललेलें असतें.

यावरून काटकसरीचा वेग हाच सद्गुण आणि बाकी सारा मोह, असा निष्कर्ष कोणी काढील तर तोहि चुकेल. समोरून ताशीं चाळीस मैलांचा वारा येत आहे व विमानाचा काटकसरीचा वेग ताशीं ९० मैल आहे असें समजा. त्या वेगानें जाणारा वैमानिक जमिनीच्या हिशेबानें ताशीं पन्नास मैलच पुढें सरकेल आणि तीनशे मैलांस सहा तास घेईल. त्यानें वेग ११० केला तर दर तासाला पेट्रोल बत्तीस टक्के जास्त जळेल हें खरें. पण प्रवास सव्वाचार तासांत संपेल आणि एकंदर पेट्रोल साडेपांच टक्के कमीच लागेल. येथें घाई हीच काटकसर झाली. उलट, वारा पाठीशीं असेल तर सावकाश जाण्यांत शहाणपण. पुढें वादळ उठत असेल, सूर्य मावळत असेल, शेजारीं बसलेल्या माणसाची प्रकृति बिघडली असेल, तर पेट्रोलचा हिशेब करीत बसणारा माणूस काटकसरी नव्हे, निर्दय किंवा मूर्ख होय.

अ‍ॅरिस्टॉटलनें सद्गुण हा दोन अतिरेकांमधला मध्य आहे असें सांगतांना लगेच एक इशारा दिला आहे: हा मध्य अंकगणितांतला नव्हे, तो माणसागणिक ठरावयाचा. मायलो मल्लाला जें अन्न थोडें, तेंच तालमींत नुकत्याच आलेल्या पोराला फार. आपल्याकडे गीतेच्या सहाव्या अध्यायांत आहार, विहार, कर्म, झोंप आणि जागरण या साऱ्यांस ‘युक्त’ हें एकच विशेषण लाविलेलें आहे. हा शब्द आम्हांस ‘मध्यम’ या शब्दाहून अधिक अचूक वाटतो. मध्यम म्हणजे दोन टोंकांपासून सारख्या अंतरावर असलेलें. युक्त म्हणजे प्रसंगास, भारास आणि हेतूस जुळणारें. १९८६ च्या डिसेंबरांत डिक रुटन व जीना येगर यांनीं ‘व्हॉयेजर’ या विमानांतून वाटेंत कोठें न उतरतां व पेट्रोल न घेतां नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. निघतांना विमानाच्या पोटांत सुमारें सात हजार पौंड पेट्रोल होतें. परत आले तेव्हां शंभर पौंडांच्या आसपास उरलें होतें. सरासरी वेग ताशीं ११६ मैलांच्या जवळपास. त्या काळीं कोणतेंहि लढाऊ विमान त्यांस हसलें असतें. पण त्यांच्या हेतूला तोच वेग युक्त होता. आणि तोहि एकच नव्हता, कारण पेट्रोल जळून विमान हलकें होईल तसतसा काटकसरीचा वेग उतरत जातो. युक्तता ही एकदां ठरवून खिळ्याला टांगून ठेवण्याची वस्तु नव्हे. ती तासातासाला नवी शोधावी लागते.

येथवर आम्हीं वेग आणि काटकसर यांना एकमेकांचे वैरी मानून विचार केला. पण तडजोडीच्या आधीं एक पायरी आहे, आणि उतावळे लोक ती गाळतात. कॉन्टिनेंटल ओ-२०० हें १०० अश्वशक्तीचें एंजिन सेस्ना १५० या सर्वपरिचित शिकाऊ विमानांत असे. तें दोन माणसांस घेऊन ताशीं १२० मैलांच्या आसपास जातें. तेंच एंजिन बसविलेलें, बर्ट रुटन यांनीं रचलेलें व १९७५ सालीं प्रथम उडालेलें घरगुती ‘व्हॅरीईझी’ विमान दोनच माणसांस घेऊन ताशीं १८० मैलांच्या आसपास जातें. शक्ति तीच, माणसें तितकींच. फरक अंगाच्या स्वच्छतेचा व वजनाचा. सेस्नाला आंखूड मैदानावर शांतपणें उतरतां येतें व नवशिक्याचे अपराध ती पोटांत घालते. ‘व्हॅरीईझी’ला लांब धांवपट्टी लागते, हें तिच्याकडून वळतें केलेंच पाहिजे. तरीहि बाहेर आलेला खिळा, न बुजविलेली फट, उघडें चाक, निष्कारण वाहिलेलें वजन, यांनीं ना वेगाची सेवा होते, ना काटकसरीची. तीं दोघांनाहि खातात. तेव्हां कोणत्या सद्गुणाला किती द्यावें हा वाद करण्यापूर्वीं, जें कोणालाच पोंचत नाहीं तें आधीं काढून टाकावें.

जें बांधणीचें, तेंच चालविण्याचें. १९४४ सालीं न्यू गिनींत चार्ल्स लिंडबर्ग यांनीं अमेरिकन लष्करी वैमानिकांस एंजिनाचे फेरे कमी ठेवून, दाब वाढवून व पेट्रोलचें मिश्रण पातळ करून उडण्यास शिकविलें. एंजिनें जळून जातील अशी तरुणांची भीति होती. तीं जळालीं नाहींत, आणि त्याच टांकींत तींच विमानें कितीतरी अधिक दूर जाऊं लागलीं. वायां जात होतें तें अज्ञानानें जात होतें. प्रपंचांतहि ज्याला आपण वेळ आणि पैसा यांचा झगडा म्हणतों, त्यांतला मोठा वाटा पुष्कळदां नुसत्या अव्यवस्थेचा असतो.

पण सर्व फटी बुजविल्या, सर्व वजन उतरविलें, तरी शेवटीं निवड उरतेच. आणि तेथें आम्हांस एक प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो: किंमत देतो कोण? आपला हौशी वैमानिक म्हणेल, “पेट्रोल माझें, पैसा माझा, दुसऱ्यांस काय त्याचें?” हें उत्तर अर्धेंच खरें आहे. अशा पुष्कळ विमानांत जें पेट्रोल जळतें त्यांत शिसें असतें. त्याला ‘लो लेड’ असें सौम्य नांव आहे, तरी एका लिटरांत अर्ध्या ग्रॅमहून किंचित् अधिकपर्यंत शिसें असूं शकतें. अशा विमानांच्या धुरांतील शिशानें लोकांच्या आरोग्यास धोका पोंचतो असा निर्णय अमेरिकन सरकारच्या पर्यावरण-खात्यानें ऑक्टोबर २०२३ मध्यें दिला. विमानतळाशेजारच्या घरांत जीं मुलें वाढतात त्यांनीं या वेगाचा आनंद घेतलेला नसतो. पण त्याच्या किंमतींतला एक अंश त्यांच्या रक्तांत जमा होतो. वांचलेलीं अकरा मिनिटें एकाचीं आणि जळलेलें एकवीस टक्के पेट्रोल सर्वांच्या हवेंत, असा हा व्यवहार आहे. जोंवर शिशाचें पेट्रोल जळत आहे, तोंवर काटकसर ही केवळ खिशाची बाब राहत नाहीं. ती शेजारधर्माची बाब होते.

आणि या दोन्ही गुणांनीं जिला हात लावूं नये अशीहि एक वस्तु आहे, ती म्हणजे शिलकेंतलें पेट्रोल. अमेरिकन नियमाप्रमाणें लहान विमानानें दिवसां मुक्कामाला पोंचल्यावर अर्धा तास व रात्रीं पाऊण तास पुरेल इतकें पेट्रोल टांकींत राहील असा हिशेब करून निघावें लागतें. वेगवेडा मनुष्य ही शिल्लक वेगासाठीं जाळतो. अतिकाटकसरी मनुष्य मध्येंच उतरून पेट्रोल घेण्याचा खर्च व खोळंबा टाळण्यासाठीं तीच शिल्लक पणाला लावतो. एक वरून येतो, दुसरा खालून. पण दोघेहि एकाच खड्ड्यांत पडतात, आणि पडतांना एकटेच पडत नाहींत. शेजारच्या आसनावर बसलेल्याचा व खालच्या घरांतील माणसांचा या पैजेला कोणी रुकार घेतलेला नसतो. आपली मिनिटें आणि आपले पैसे यांचा सौदा करण्यास प्रत्येक जण मुखत्यार आहे. दुसऱ्याचा जीव हें त्या सौद्यांतलें चलन नव्हे.

तेव्हां प्रारंभीं विचारलेल्या प्रश्नास आम्हीं असें उत्तर देऊं. वेग आणि काटकसर यांतून एक श्रेष्ठ व दुसरा कनिष्ठ असा निवाडा कोणीहि कायमचा देऊं शकणार नाहीं. पण निवड करणाऱ्यानें एक क्रम पाळावा. जें दुसऱ्याचें आहे तें प्रथम बाजूला काढून ठेवावें. जें कोणाच्याच उपयोगीं पडत नाहीं तें मग टाकून द्यावें. आणि जें उरेल त्यांतून आपल्या हेतूला व आजच्या वाऱ्याला जुळेल तेवढा वेग घ्यावा. गणितज्ञ आपणांस प्रत्येक मिनिटाची किंमत बिनचूक सांगेल, आणि त्याचे आभार मानून ती ऐकून घ्यावी. त्या मिनिटाचें आपण पुढें काय करणार, हें मात्र तो विचारणार नाहीं. तें ज्याचें त्यानेंच स्वतःला विचारावयाचें आहे, आणि शक्य तर विमान सुरू करण्यापूर्वीं.